वाघोबाशी केलेला करार

नोव्हेंबर 2025 मधली ती बातमी आठवते? शेतात निघालेल्या बायाबापड्या आणि त्यांच्या गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे! ज्या गळ्यात आपण मंगळसूत्र, पोत, बोरमाळ बघतो, त्या गळ्यात लोखंडाचे खिळे. धनगरांच्या कुत्र्यांना लांडग्या-बिबट्यापासून वाचवायला असे पट्टे बांधतात, हे आपण ऐकून होतो. पण माणसांनी, त्यातही बायकांनी ते घालायचे?

ही वेळ आली होती आंबेगावला लागूनच असलेल्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात. जेमतेम तीन आठवड्यांत बिबट्यानं तिथं तीन जीव घेतले. पाच वर्षांची चिमुरडी, ऐंशी ओलांडलेली आजी आणि तेरा वर्षांचा मुलगा. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. आणि गंमत म्हणू की दैव म्हणू, याच दिवसांत दिवाळीचा पहिला दिवा लागला होता, म्हणजे वसुबारस होऊन गेली होती. आपण गाय-वासराची पूजा केली, आणि जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात त्याच तिथीला वाघाची पूजा झाली!

हो, वाघाची. त्या दिवसाला तिकडं वाघबारस म्हणतात.

एकच तिथी, गाय आणि वाघ

आश्विन वद्य द्वादशी. मंचर, नारायणगाव, ओतूरकडच्या घरांत सवाष्णी उपास धरतात, दूध-तूप आणि गहू टाळतात, संध्याकाळी गाय-वासराला ओवाळतात आणि बाजरीची भाकरी नि गवारीची भाजी खाऊन उपास सोडतात. पण नाणेघाटाकडं, आहुप्याकडं चढून गेलात, की महादेव कोळी समाजाच्या गावांच्या शिवेवर वाघोबा भेटतो. कुठं नुसता शेंदूर फासलेला दगड, कुठं दगडात किंवा लाकडी फळीवर कोरलेला वाघ, सोबत चंद्र-सूर्य. वाघबारशीला गुराखी पोरं घरोघर फिरून तांदूळ, गूळ, दूध गोळा करतात. शिवेवर चूल मांडून खीर शिजते. वाघोबाला नैवेद्य दाखवला जातो. मग पोरांचा खेळ! एकाला वाघ करायचं, एखाद्याला कोल्हा, अस्वल करायचं आणि त्यांना पिटाळत न्यायचं. पुन्हा आमच्या शिवारात येशील का, असं दरडावून विचारायचं आणि नाही येणार असं त्याच्याकडून वदवून घ्यायचं.

वरवर पोरखेळ वाटेल. पण जरा विचार करा. यात वाघाला मारायचं कुठंच नाही. त्याला खीर द्यायची, मान द्यायचा आणि हद्द सांगायची. तू तिकडचा, आम्ही इकडचे. हा चक्क करारच आहे की! पालघर-डहाणूकडच्या वारल्यांत तर वाघोबा बाईच्याच पोटी जन्मला, अशी कहाणी सांगतात. म्हणजे परका नाहीच, घरातलाच एक, पण राहायचं मात्र रानात.

आपल्या वसुबारशीच्या बाजूलाही वाघ आहेच. रानात वाघाच्या तावडीत सापडलेली गाय, वासराला पाजून परत येते म्हणून शब्द देणारी आणि खरंच परत येणारी... आणि तिचा शब्द पाहून तिला सोडून देणारा वाघ. लहानपणी ही गोष्ट ऐकताना डोळ्यांत पाणी आलं नाही, अशी बाई विरळाच. तीही गोष्ट दिल्या शब्दाचीच, नाही का?

चिमुकल्या बुटांवरचा वाघ

आता जरा लांब जाऊया. चीनमध्ये!

चीनची आणि आपली ओळख बहुतेक दिवाणखान्यातली. शोकेसमधला लाफिंग बुद्धा, दारातली किणकिणणारी घंटी, तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक. फेंगशुईच्या लाटेत हे सगळं आपल्याकडं आलं. पण तिथल्या आयाबायांच्या मनात खोल बसलेलं एक चिन्ह आपल्या बाजारात फारसं आलंच नाही. ते म्हणजे वाघ.

चीनमध्ये वाघ हा प्राण्यांचा राजा. आपण सिंहाला जे म्हणतो, ते तिथं वाघाला. त्यांच्या लिपीत 'राजा' हे अक्षर तीन आडव्या रेघा आणि मधून एक उभी रेघ असं काढतात. वाघाच्या कपाळावरचे पट्टे तसेच दिसतात, म्हणून राजेपण त्याच्या कपाळावरच लिहिलंय अशी समजूत.

म्हणून बाळ जन्मलं की आई, आजी, मावशी कापडाचे चिमुकले बूट शिवायच्या. बुटाच्या पुढच्या टोकाला वाघाचं तोंड, मोठाले डोळे, उभे कान, कपाळावर ते अक्षर. तशीच वाघाची टोपी, वाघाची उशी. वाघ बाळाच्या पायाशी आणि उशाशी असला, की वाईट शक्ती जवळ फिरकणार नाहीत. आपण काळं तीट लावतो, दृष्ट काढतो, तशातलाच हा प्रकार. त्यांच्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या जूनमध्ये, साप, विंचू, गोम, पाल आणि बेडूक हे पाच विषारी जीव बाहेर पडतात असं मानतात. त्या दिवशी लेकरांच्या कपाळावर मनशीळ घातलेल्या दारूनं 'राजा' अक्षर रेखायची रीत होती. लेकरूच वाघ झालं, मग विंचू काय करणार!

आपल्याकडंही जुन्या घरांत बाळाच्या गळ्यात चांदीत मढवलेलं वाघनख घालायचे. कल्पना तीच. जो सगळ्यांत भयंकर, त्यालाच राखणदार करून टाकायचं. भीतीशी वागायची ही आयांची खास पद्धत म्हणायची.

आणि बाईवरचं ओझं

पण चिन्ह नेहमी राखणच करतं असं नाही. कधी ते बाईच्याच मानेवर बसतं.

चिनी पंचांगात बारा प्राण्यांची बारा वर्षं असतात. वाघाचं वर्ष 1998, 2010, 2022 मध्ये येऊन गेलं, आता 2034 मध्ये येईल. या वर्षी मुलगा झाला तर तो शूर निघणार म्हणून कौतुक. मुलगी झाली तर मात्र जुन्या वळणाच्या घरांत कपाळाला आठ्या. ही तापट असणार, नवऱ्याला भारी पडणार! वाघाच्या वर्षातल्या बाईनं नवरीच्या खोलीत जायचं नाही, बाळंतिणीला बघायला जायचं नाही, असेही दंडक होते. भांडकुदळ बायकोला तिकडं वाघीण म्हणून चिडवतात. आपल्याकडं वाघीण म्हटलं की शाबासकी, पण त्यावर आपण फार मिरवू नये. मंगळ आहे म्हणून नाकारलेल्या, मूळ नक्षत्रावर जन्मली म्हणून बोल खाल्लेल्या मुली आपल्याच घरांत आहेत.

तेव्हा प्रथा जुनी आहे एवढ्यावरून ती चांगली किंवा वाईट ठरत नाही. ती जीव राखते की जीव कोंडते, हे बघायचं.

बूट राहिले, वाघ गेला

चीनच्या वाघाचं पुढं काय झालं, ते आपण ऐकण्यासारखं आहे.

दक्षिण चीनच्या रानात 1950 च्या सुमारास 4000 वाघ असावेत असा अंदाज सांगतात. मग सरकारनंच वाघाला उपद्रवी प्राणी ठरवलं, शिकारीच्या मोहिमा निघाल्या. जंगलं तुटली. त्यात वाघाच्या हाडांनी सांधेदुखी जाते, अंगात बळ येतं, ही औषधातली जुनी समजूत. हाडांच्या व्यापारावर 1993 मध्ये बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. आज दक्षिण चीनचा वाघ प्राणिसंग्रहालयांत आणि प्रजनन केंद्रांत उरलाय. रानात तो कित्येक दशकांत दिसलेला नाही. ईशान्येच्या थंड टोकाला सैबेरियन वाघ थोडे आहेत. त्यांच्यासाठी आणि तिथल्या बिबट्यांसाठी 2021 मध्ये मोठं राष्ट्रीय उद्यान झालं.

म्हणजे लेकरांच्या बुटांवर वाघ राहिला, आणि रानातून गेला!

आपल्याकडं झालं ते नेमकं उलटं. आपल्या शिवारात जनावर आहे, पण त्याच्याशी केलेला करार मात्र आपण विसरून गेलो.

ऊस, बिबट्या आणि 4 चे 17

जुन्नर-आंबेगावात बिबट्यालाही सर्रास वाघच म्हणतात. माणिकडोह, येडगाव, डिंभे ही धरणं झाली, कालवे आले, कोरड्या माळावर ऊस उभा राहिला. घरात पैसा आला, पोरं शिकली, हे कुणी नाकारत नाही. पण वर्षभर उभा राहणारा उंच, दाट, पाण्याजवळचा ऊस म्हणजे बिबट्याला दुसरं जंगलच. खायला गावातली कुत्री, शेळ्या, कोंबड्या. मादी उसातच पिलं देते. त्या पिलांना रान माहीतच नाही. गावाची जुनी शीव उसानं कधी पुसली, ते कुणाला कळलंही नाही.

जुन्नर वनविभागात 2001 ते 2003 या काळात शंभरावर बिबटे पकडले गेले आणि त्यातले बरेच दूर नेऊन सोडले. वाटलं, प्रश्न मिटला. पण विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला, तेव्हा वेगळंच दिसलं. आधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे. ही सोडासोडी सुरू झाल्यावर ते 17 वर गेले! पकडलेलं, बिथरलेलं जनावर अनोळखी मुलखात सोडलं, की ते तिथल्या माणसांना धोक्याचं ठरू शकतं. आणि त्याची मोकळी झालेली जागा घ्यायला दुसरा येतोच.

म्हणजे नुसती हकालपट्टी हा उपाय नाही. पण ज्या आईचं लेकरू गेलं, तिला वाघोबाला खीर दे, असं सांगायचं का? मुळीच नाही. तिच्या रागापुढं कुणी शहाणपण शिकवू नये. माणसावर वारंवार हल्ला करणाऱ्या बिबट्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे. प्रश्न बाकीच्यांचा आहे, जे आपल्या बांधावर आजही आहेत आणि उद्याही असणार आहेत.

करार नव्यानं करूया

वाघबारशीच्या त्या खेळात हद्द सांगितली जायची. आजची हद्द कोण सांगणार? मैत्रिणींनो, मला वाटतं ती आपल्यापासून सुरू होते. कारण तिन्हीसांजेला गवत कापायला, शेळी बांधायला, अजूनही कुठं कुठं परसाकडं जायला आपणच बाहेर असतो.

वाकलेलं किंवा बसलेलं माणूस बिबट्याला लहान सावजासारखं दिसू शकतं, आणि तो बहुधा मागून मान धरतो. म्हणून खुरपताना एकीनं तरी उभं राहून लक्ष ठेवायचं. अंधार पडायच्या आत घरी परतायचं. एकटीनं जायचंच पडलं तर मोठ्यानं बोलत, मोबाइलवर गाणी लावत जायचं. बिबट्या समोर दिसलाच तर पाठ फिरवून पळायचं नाही. त्याच्याकडं तोंड ठेवून, आवाज करत हळूहळू मागं सरायचं. अंगणात लहान मूल एकटं सोडायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. शेळ्यांच्या गोठ्याला वरपर्यंत जाळी आणि पक्कं दार हवं. घराला खेटून ऊस लावायचा नाही, थोडी मोकळी जागा सोडायची. खरकटं, मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकायच्या नाहीत, त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागं तो येतो. वनविभागाचा हेल्पलाइन नंबर 1926 घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा. आणि ग्रामसभेत ठणकावून मागायचं ते वेगळंच. घरात शौचालय, वस्तीवर दिवा आणि शेतीला दिवसा वीज. रात्री पाणी धरायला जाणारा नवरा, दीर, मुलगा हाही कुणाच्या तरी काळजाचा तुकडा असतो.

आणखी एक. वाघनख, बिबट्याची मिशी असलं काही कुणी ताईत म्हणून विकायला आणलं तर दारातूनच परत पाठवायचं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

दर वर्षी ऊसतोड सुरू झाली, की फडात बिबट्याची पिलं सापडतात. पूर्वी लोक कुतूहलानं उचलून घरी न्यायचे. मग सैरभैर झालेली मादी रात्रभर वस्तीभोवती फिरायची. आता वनविभागाची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर त्या पिलांना तपासतात आणि संध्याकाळी, जिथं सापडली त्याच जागी, खोक्यात ठेवून लांब जाऊन बसतात. अंधार पडला की आई येते. एकेक पिलू तोंडात अलगद धरते आणि निघून जाते. उसाचा फड पिकवणारा शेतकरी आणि तो तोडणारी मजूर बाई, दोघंही त्या रात्री शांत झोपतात.

पुढच्या वसुबारशीला गाय-वासराला ओवाळून झालं, की वाडीतल्या चौघी-पाच जणींनी मिळून एक फेरी मारूया. कुणाच्या गोठ्याचं दार मोडलंय, कुठला दिवा बंद आहे, कुणाचं अंगण उसाला खेटलंय, हे बघून ठेवूया आणि दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन सांगूया. खीर नंतर घरी येऊन खाता येईल.