काथ्याला चिकटलेली वाळू (विरल मृदांची कहाणी : लेखांक चौथा)

लग्नाच्या वरातीपुढे डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या बत्तीचे 'मेंटल' बदलण्याचा सोहळा खचित आठवत असेल. पांढऱ्या जाळीची ती इवलीशी थैली नळीच्या तोंडाशी दोऱ्याने आवळून बांधायची, तिला काडी लावायची, ती काळवंडून आक्रसत जळून जाऊ द्यायची, आणि मग पंप मारून रॉकेलची वाफ सोडली, की जी जळून संपली असे आपण समजलो, तीच जाळी राखेच्या रूपाने डोळे दिपवीत उजळून उठायची. आमच्या गावी हे काम ज्यांच्याकडे असे, ते गृहस्थ पोरांना दहा हात दूर उभे करीत. कारण त्या राखेला बोट तर राहोच, जोराची फुंकरही सोसत नसे. या राखेत शंभरांतले नव्व्याण्णव भाग थोरियमचे भस्म असते आणि एक भाग सीरियमचे. हे प्रमाण व्हिएन्नाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनज्ञाने १८९१ च्या सुमारास पक्के केले. आणि तो एक भाग सीरियम म्हणजे आपल्या लेखमालेतील विरल मृदांच्या सतरा भावंडांपैकी एक होय.

'विरल' हे या भावंडांना मिळालेले नाव किती फसवे आहे, हे मागे येऊन गेलेच आहे. अठराव्या शतकातील रसायनज्ञ जे भस्म विस्तवात वितळत नाही आणि पाण्यात विरघळत नाही, त्याला 'मृदा' म्हणत, आणि स्वीडनमधील इटर्बीच्या खाणीखेरीज ते अन्यत्र फारसे आढळेना, म्हणून त्यास 'विरल' हे विशेषण जोडले गेले. वस्तुतः भूकवचात सीरियम जवळजवळ तांब्याइतके आहे, आणि किरणोत्सर्गी प्रोमेथियम सोडले, तर या कुळातील अगदी दुर्लभ म्हणून गणलेले थुलियमसुद्धा चांदीहून अधिक आहे. विरळ आहे ती निवड. हे सारे धातू एकाच दगडात एकत्र नांदतात, आणि त्यांचे रासायनिक वर्तन घडविणारे बाहेरचे इलेक्ट्रॉन सर्वांचे सारखेच असून भेद तेवढा आतल्या कवचात दडलेला असल्यामुळे, एकाला जे द्रावण मानवते ते शेजाऱ्यालाही मानवते. ताक घुसळून लोणी काढणे निराळे आणि तुपातून तूप निवडणे निराळे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर येथे चार्ल्स जेम्स नावाच्या प्राध्यापकाने १९११ साली शुद्ध थुलियम हाती यावे म्हणून एकाच क्षाराचे स्फटिक सुमारे पंधरा हजार वेळा विरघळवून पुन्हा जमविले होते. या चिकाटीला नमस्कार करावा, की तिची कीव करावी, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.

आता मेंटलच्या त्या राखेचा माग काढीत आपल्याच किनाऱ्याकडे येऊ. थोरियम आणि विरल मृदा ज्या पिवळसर तांबूस वाळूत एकत्र सापडतात, तिचे नाव मोनाझाईट. रसायनदृष्ट्या ती फॉस्फेट आहे. एकोणिसाव्या शतकाअखेर मेंटलचा धंदा युरोपात भरभराटीस आला, तेव्हा ही वाळू ब्राझीलच्या किनाऱ्यावरून येत असे आणि तिच्या व्यापारावर जर्मन कंपन्यांची जवळजवळ मक्तेदारी होती. अशा वेळी, १९०९ साली, शोंबर्ग नावाच्या एका जर्मन रसायनज्ञाची दृष्टी त्रावणकोर संस्थानातून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूवर पडली. नारळाच्या सोडणांचा काथ्या समुद्रकाठी कुजवून, बडवून, वाळवून परदेशी रवाना होतो, आणि त्याबरोबर किनाऱ्याची चिमूटभर रेतीही फुकट जाते. माल घेणाऱ्याच्या दृष्टीने ती निव्वळ घाण! शोंबर्गला तीत मोनाझाईट दिसले. काथ्याचा माग काढीत तो कन्याकुमारीनजीकच्या मणवाळकुरिची येथे येऊन पोहोचला, आणि थोड्याच काळात तेथे वाळू पाखडण्याचा कारखाना उभा राहिला. पुढे पहिले महायुद्ध पेटले, जर्मन प्रजाजन म्हणून त्याला अटक झाली, आणि धंदा लंडनवाल्यांच्या हाती गेला. समुद्राने फुकट आणून टाकलेल्या रेतीसाठी दोन साम्राज्यांनी केलेली ही रस्सीखेच संस्थानच्या कोळ्यांना काय वाटली असेल, कोण जाणे.

या व्यवहारात एक मौजेची गोष्ट आहे. आपल्याकडील मोनाझाईटमध्ये थोरियमचे भस्म शेकडा आठ-दहा, आणि विरल मृदांची भस्मे शेकडा साठाच्या आसपास. परंतु मेंटलला हवे होते थोरियम, म्हणून उरलेला हा मोठा वाटा कारखान्यांच्या परसात टाकाऊ म्हणून साचत गेला. तो खपवावा कसा, या विवंचनेतून आउअरनेच १९०३ साली त्यातून काढलेल्या मिश्र धातूत लोखंड मिसळून ठिणग्या पाडणारा एक खडा तयार केला, आणि विडी-सिगारेट पेटविणाऱ्याच्या लायटरमध्ये तोच खडा आजही घासला जातो. शंभर वर्षांनंतर पारडे नेमके उलटले आहे. आज जगाला हव्यात त्या विरल मृदा. थोरियम मात्र, भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमातील थोरियमवर चालणाऱ्या तिसऱ्या टप्प्याची वाट पाहत, सरकारी कोठारांत राखून ठेवावे लागते. थोरियमच्या सान्निध्यामुळेच मोनाझाईट हा आपल्याकडे अणुऊर्जा कायद्याखालील नियंत्रित जिन्नस आहे, आणि खाजगी कारखानदारांना त्याला परभारे हात लावता येत नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, या वाळूच्या निर्यातीस बंदी घालण्यात आली, आणि १९५० च्या ऑगस्टात केंद्र सरकार व त्रावणकोर-कोचीन सरकार यांच्या भागीदारीने इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली. आलुवा येथील तिच्या कारखान्याचे उद्घाटन पंडित नेहरूंनी १९५२ च्या डिसेंबरात केले. तिचे मुख्य दप्तर मुंबईस आहे, आणि थोरियमचा कारखाना १९५५ साली तुर्भ्यास निघाला, एवढा महाराष्ट्राचा या कथेशी प्रत्यक्ष संबंध. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही काळी इल्मेनाईटची वाळू आहे, पण तीत मोनाझाईट नाममात्र. येथे कालक्रमाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. ज्या वेळी आलुव्यास मोनाझाईट फोडून विरल मृदांचे क्षार तयार होत होते, त्या वेळी चीनमध्ये हा धंदा नुकता कोठे अंकुरत होता.

मग आपण मागे कोठे पडलो? गेल्या पावसाळ्यात आमच्या घराजवळच्या गॅरेजात एका विजेच्या स्कूटरच्या मागच्या चाकातली मोटर उघडलेली मी पाहिली. चाकाच्या आतील कडेला निकेलचा मुलामा दिलेल्या चपट्या पट्ट्या ओळीने डकवलेल्या होत्या; कारागिराने निष्काळजीपणे पाना जवळ नेला, तो हातातून हिसकला जाऊन खटकन तेथे चिकटला, आणि तो सोडविताना त्या मुलाच्या बोटाचे सालटे निघाले. "आयला, भलतंच ओढतंय!" एवढेच तो म्हणाला. ते निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे चुंबक होते. १९८३ साली जपानचे मासातो सागावा आणि अमेरिकेचे जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे जाहीर केलेल्या या संयुगाने जगाच्या मोटरींचा आकारच बदलून टाकला. त्याचा दोष एकच : तापले की जोर गमावते; म्हणून त्यात थोडे डिस्प्रोसियम वा टर्बियम घालावे लागते, आणि ही जड भावंडे मोनाझाईटमध्ये फारच तुटपुंजी असून दक्षिण चीनच्या जिआंग्शी प्रांतातील चिकणमातीत ती सहज सुटून येतात. लायटरचे सीरियम आज मातीमोलाने मिळते आणि चुंबकाचे निओडिमियम व डिस्प्रोसियम भाव खाऊन जातात. तथापि दगड फोडला की सगळेच बाहेर येतात, मग नको असलेल्याचे करायचे काय, हा आउअरच्या वेळचा प्रश्न कारखानदाराच्या पाठीस आजही लागलेलाच आहे.

चीनने जे केले ते खाणीपेक्षा टाकीत केले. पेकिंग विद्यापीठातील शू ग्वांगशियान यांनी १९७० च्या दशकात शेकडो टाक्यांची साखळी गणिताने आधीच आखून ठेवण्याची रीत बसविली. तेल आणि पाणी यांसारखी दोन न मिसळणारी द्रावणे घुसळायची, निवळू द्यायची, पुढच्या टाकीत ढकलायची, आणि प्रत्येक वेळी केसभर पडणारा फरक शेवटच्या टाकीपर्यंत हातभर करून घ्यायचा, असे हे तंत्र. आज जगातील उत्पादनाचा सुमारे सत्तर टक्के वाटा चीनच्या खाणींचा आहे. निवडलेल्या भस्मांत व चुंबकांत तो नव्वदीच्या घरात जातो. अमेरिकेची माउंटन पास ही खाण, जिने एके काळी रंगीत दूरदर्शनच्या तांबड्या रंगासाठी जगाला युरोपियम पुरविले, ती २००२ साली बंद पडली. पुढे ती पुन्हा उघडली, तरी तिच्या मालकांचे २०१५ साली दिवाळे निघाले.

२०१० साली चीन व जपान यांच्यात बेटांवरून तंटा उद्भवताच चीनमधून जपानकडे जाणारा माल अडला आणि भाव वर्षभरात अनेक पटींनी चढले. जागतिक व्यापार संघटनेपुढे दावा चालला, २०१४ साली निवाडा चीनविरुद्ध गेला, निर्यातीवरचा कोटा उठला. २०२५ च्या एप्रिलात मात्र चीनने सात धातूंवर सरसकट बंदी घातली नाही. त्यांना परवाना लावला. माल कोणास पोहोचणार, कशास वापरणार, याची हमीपत्रे द्या, अर्ज करा आणि वाट पाहा. एका कचेरीतल्या शिक्क्यावाचून विजेच्या दुचाक्यांचे उत्पादन खोळंबण्याची धास्ती त्या उन्हाळ्यात पुणे-चाकणच्या कारखानदारांनी घेतली, ती अनाठायी नव्हती.

त्यावर सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये वर्षाला ६,००० टन चुंबक देशात तयार व्हावेत म्हणून ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. योजना योग्यच आहे. परंतु आपला साठा ६९ लक्ष टनांचा आणि २०२४ चे उत्पादन जेमतेम २,९०० टनांचे, ही दोन कलमे एकाच पानावर मांडली, म्हणजे मधली जागा किती मोठी आहे ते दिसते. वाळू, भस्म, धातू, मिश्रधातू, चुंबक अशा या पायऱ्यांपैकी पहिल्या दोन आपण सत्तर वर्षांपूर्वीच चढलो होतो, आणि दुसरीवरच बराच काळ टेकून बसलो.

पुढील लेखांकात चीनच्या अंतर्गत मंगोलियातील बायान ओबो येथील लोखंडाच्या खाणीकडे आणि बाओतोऊ शहराबाहेरच्या काळ्या गाळाच्या तळ्याकडे वळू.