शिलचर : बराकेच्या तीरावरील एक बहुभाषिक नगर

रेल्वेच्या वेळापत्रकात ज्या नगराचे नाव 'सिलचर' असे आढळते, त्याचे बंगाली लेखनातील रूप 'शिलचर' असे आहे. आणि तेथील घराघरांतून ऐकू येणारे रूप या दोहोंहूनही निराळे, साधारणतः 'हिलसर' असे आहे. एकाच नावाची ही तीन रूपे म्हणजे त्या नगराच्या भाषिक इतिहासाचा एक संक्षेपच होय. 'शिल' म्हणजे शिळा, आणि 'चर' म्हणजे नदीने गाळ टाकून निर्माण केलेली काठाची भूमी. गाळाच्या मऊ प्रदेशात नावा बांधावयास उपयोगी असा खडकाळ काठ दुर्मिळच. त्यामुळे नावाड्यांनी अशा जागेस तिच्या दगडांवरून ओळखावे, हे स्वाभाविक होते. नावाची ही व्युत्पत्ती परंपरेने सांगितली जाते आणि भूरचनेशीही ती जुळते.

आसामच्या दक्षिण भागात, कछार जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले हे नगर बराक नदीच्या डाव्या तीरावर वसले आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आतबाहेर होती; लगतच्या वस्त्या धरल्या तर ती सव्वादोन लाखांवर जाते. बराक मणिपूरच्या डोंगरांत उगम पावते, नैऋत्येकडे वाहत जाऊन तिपाईमुखाजवळ एकाएकी उत्तरेस वळते, आणि लखीपूरजवळ मैदानात उतरल्यावर नागमोडी वळणे घेत पश्चिमेकडे जाते. शिलचर व बदरपूर ही गावे ओलांडल्यावर सीमेजवळ तिचे दोन फाटे होतात. सुरमा आणि कुशियारा या नावांनी ते बांगलादेशात शिरतात व पुढे मेघनेच्या प्रवाहाचे घटक बनतात. म्हणजे शिलचरचे पाणी ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्याकडे जात नाही, सिल्हेटकडे जाते. दळणवळण, विवाहसंबंध, व्यापार आणि भाषा यांनीही शतकानुशतके हीच दिशा धरली होती. राजकीय आसाम मात्र उत्तर कछारच्या डोंगरांपलीकडे, वेगळ्याच नदीच्या काठी राहिला. या नगराच्या बहुतेक अडचणींचे मूळ या एका गोष्टीत सापडते.

नगराची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे बावीस मीटर, आणि समुद्र तर शेकडो किलोमीटर दूर. पाऊस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. अन्नपूर्णा घाटावर नदीच्या पाण्याची जी मोजणी होते, तिच्यात धोक्याची पातळी १९.८३ मीटर मानलेली आहे. शहराचे कित्येक भाग याहून फारसे उंच नाहीत. बांधांमुळे नदी बाहेर राहते, परंतु त्याच बांधांमुळे पावसाचे पाणी आत कोंडते. रांगिरखाल, सिंगिरखाल यांसारखे ओढे आणि भोवतालची बिले, म्हणजे विस्तीर्ण उथळ सरोवरे, ही पूर्वी पाणी सामावून घेत. वस्ती वाढली तशी त्यांची रुंदी घटत गेली. जून २०२२ मध्ये या रचनेतील विरोध उघडा पडला. बेथुकांदी येथील बांध, महिषा बिलात साचलेले पाणी नदीत जावे म्हणून, पावसाळ्याच्या आरंभी कापण्यात आला होता. पुढे नदी चढली, आणि ज्या खिंडारातून पाणी बाहेर जावयाचे त्याच खिंडारातून ते उलट आत आले. शहराचा फार मोठा भाग एक आठवड्याहून अधिक काळ पाण्याखाली राहिला. बांध कापणाऱ्यांना दोष देणे सोपे होते व तो देण्यातही आला. परंतु बिलाच्या काठच्या वस्तीची पाणी निघून जाण्याची मागणी खोटी नव्हती.

कछारचा राज्यकारभार पूर्वी दिमासा राजांकडे होता. त्यांची राजधानी माइबांगहून मैदानातील खासपूर येथे अठराव्या शतकात आली. या राजांची मातृभाषा तिबेटो-ब्रह्मी कुळातील असली, तरी दरबारी लेखनात त्यांनी बंगालीचा स्वीकार केला होता. हेडंब राज्याची दंडसंहितादेखील बंगालीतच लिहिली गेली. कछारमधील बंगाली ही इंग्रजांनी कारकुनांबरोबर आणलेली भाषा नव्हे, हे या एका पुराव्याने सिद्ध होते. १८१९ पासून ब्रह्मी सैन्याने मणिपुरात सात वर्षे धुमाकूळ घातला, तेव्हा तेथील हजारो माणसे कछारात आश्रयास आली. १८३० मध्ये राजा गोविंदचंद्र याचा वध झाला. त्यास वारस नव्हता. १८३२ मध्ये कंपनी सरकारने राज्य खालसा केले आणि पुढच्या वर्षी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण दूधपातीलहून शिलचर येथे हलविले. तेथून गावाचे नगर होऊ लागले. मणिपुरी निर्वासितांचा घोड्यावरील चेंडूचा खेळ, सगोल काङजेइ, पाहून जोसेफ शेरर व रॉबर्ट स्ट्युअर्ट यांनी १८५९ मध्ये येथे एक क्लब स्थापन केला. आधुनिक पोलोचा आरंभ तोच. 'पोलो' हा शब्द मात्र मणिपुरी नव्हे. तो पार पश्चिम हिमालयातील बाल्टी भाषेतून आला आहे. खेळ एका टोकाचा आणि नाव दुसऱ्या टोकाचे, असा हा विलक्षण प्रकार आहे. १८५५ मध्ये कछारच्या टेकड्यांवर चहाची रानटी झाडे आढळली, मळे उभे राहिले, आणि बिहार, छोटा नागपूर, ओरिसा, संयुक्त प्रांत व तेलुगु मुलखातून मजूर आणले गेले.

१८७४ मध्ये आसाम हा स्वतंत्र प्रांत करताना इंग्रजांनी कछार आणि सिल्हेट हे दोन्ही जिल्हे बंगालमधून काढून त्यास जोडले. महसुलाच्या गणिताने झालेल्या या जोडणीचे फळ पुढील पिढ्यांना भोगावे लागले. जुलै १९४७ मध्ये सिल्हेटात सार्वमत होऊन तो जिल्हा, करीमगंजचा भाग वगळता, पाकिस्तानात गेला. चितगाव व कलकत्ता यांकडील सरळ मार्ग तुटला. उरला तो लमडिंगकडे जाणारा डोंगरातील मीटरगेज लोहमार्ग. तो रुंद होण्यास २०१५ साल उजाडले. पोरबंदरहून निघणाऱ्या पूर्व-पश्चिम महामार्गाचे पूर्वेकडील टोक शिलचर हे ठरविण्यात आले आहे, ही गोष्ट पश्चिम भारतातील वाचकास कदाचित ठाऊक नसेल. फाळणीनंतर सिल्हेटातील निर्वासितांचे लोंढे या नगरात आले, आणि जे पूर्वी 'सुरमा खोरे' म्हणून ओळखले जाई त्याच्या भारतातील उरलेल्या तुकड्यास 'बराक खोरे' हे नाव रूढ झाले.

ऑक्टोबर १९६० मध्ये आसामच्या विधानसभेने राजभाषा विधेयक संमत करून असमिया ही राज्याची राजभाषा ठरविली. भाषेच्या तत्त्वावर महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले तेही याच वर्षी. परंतु आसामातील प्रश्न मराठी प्रदेशाच्या प्रश्नाहून निराळा होता, कारण तेथे एका भाषेच्या राज्यात दुसऱ्या भाषेचा सलग प्रदेश येत होता. कायद्यात कछारसाठी एक कलम होते, आणि वादाचे मर्म त्यातच आहे. जिल्ह्यात बंगाली चालू राहील. मात्र तेथील मोहकुमा परिषदा व नगरपालिका यांनी दोनतृतीयांश मतांनी दुसऱ्या भाषेच्या बाजूने निर्णय घेईपर्यंतच, अशी त्याची रचना होती. वरवर पाहता हे संरक्षण दिसते. वस्तुतः ते सशर्त व काढून घेता येण्याजोगे होते. कछारमधील लोकांनी ते तसेच ओळखले. फेब्रुवारी १९६१ मध्ये गणसंग्राम परिषद स्थापन झाली, एप्रिल-मे महिन्यांत खेडोपाडी पदयात्रा निघाल्या, आणि १९ मे १९६१ रोजी सत्याग्रह पुकारण्यात आला.

त्या दिवशी पहाटेपासून सत्याग्रही शिलचरच्या तारापूर भागातील स्थानकात रुळांवर बसले होते. सकाळ शांततेत गेली. दुपारी, अटक केलेल्या सत्याग्रहींना नेणाऱ्या एका ट्रकास स्थानकाजवळ आग लागली, आणि अडीचच्या सुमारास सशस्त्र दलाने जमावावर गोळीबार केला. नऊ जण त्याच दिवशी मृत्यू पावले, दोघे नंतर. अकरा जणांत कमला भट्टाचार्य ही सोळा वर्षांची मुलगी होती. तिची मॅट्रिकची परीक्षा नुकतीच झाली होती. मृतांपैकी पुष्कळांची कुटुंबे सिल्हेटातून आलेली होती: भाषेसाठी एकदा घर सुटलेली माणसे नव्हेत, पण घर सुटल्यावर भाषा एवढीच हाती उरलेली माणसे. जून महिन्यात हैलाकांदी येथे उलट मताच्या जमावावरही गोळीबार झाला, हे सांगितल्यावाचून खोऱ्याचे चित्र पुरे होत नाही. तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री लालबहादूर शास्त्री यांच्या मध्यस्थीनंतर १९६१ मध्येच कायद्यात दुरुस्ती झाली: परिषदांच्या मतांची अट गेली आणि कछारमध्ये जिल्हा पातळीपर्यंतच्या कारभाराची भाषा बंगाली ठरली. जुन्या जिल्ह्याचे आता तीन जिल्हे झाले असले तरी ही तरतूद तिन्हींना लागू आहे.

भाषाभ्यासकाचे कुतूहल येथे जागे होते. ज्या बंगालीसाठी प्राण दिले गेले, ती या नगरात घरी बोलली जात नाही. घरची बोली सिल्हेटी. ग्रियर्सनने आपल्या सर्वेक्षणात तिला पूर्व बंगालीच्या गटात घातले, आणि जनगणनेत ती आजही बंगालीतच मोजली जाते. परंतु तिची ध्वनिव्यवस्था कलकत्त्याच्या वाचकास चकित करते. 'पानी' येथे 'फानी' होते, आणि त्यातील 'फ' ओठांतून घर्षणाने निघतो. 'क' अनेक ठिकाणी फारशी 'ख़'सारखा ऐकू येतो. शब्दारंभीचा 'श' पुष्कळदा 'ह' होतो, आणि 'च' सरळ 'स' होतो. 'शिलचर'चे 'हिलसर' कसे झाले याचा उलगडा या दोन नियमांनी होतो. मराठीभाषकाने 'चमचा' या शब्दातील दंत्य 'च' उच्चारून पाहावा. 'च'पासून 'स'पर्यंतच्या वाटेवरील मधली पायरी तीच होय.

यापेक्षाही महत्त्वाची घटना महाप्राणांची. 'घ', 'ध', 'भ' यांतील 'ह'कार सिल्हेटीने टाकला. शब्दारंभीचा 'ह'ही पुष्कळ ठिकाणी गळाला. असे झाले म्हणजे भिन्न शब्द एकरूप होण्याचा धोका उत्पन्न होतो. मराठीत 'हात' आणि 'आतडे' यांत घोटाळा होत नाही. बंगालीतही 'हात' व 'आँत' वेगळे राहतात. सिल्हेटीत दोन्ही 'आत' झाले. तथापि बोलणाऱ्यांची अडचण होत नाही, कारण हातासाठीचा 'आत' उंच स्वरात उच्चारला जातो. गेलेल्या 'ह'काराने आपली खूण आवाजाच्या उंचीत ठेवली आहे. भारतीय आर्य भाषांत सुरांचा असा अर्थभेदक उपयोग पंजाबीमुळे परिचित आहे; पंजाबपासून इतक्या दूर, पूर्व टोकास तो स्वतंत्रपणे घडून यावा, हे विशेष.

सिल्हेटीस एके काळी स्वतःची लिपीही होती. 'सिलेटी नागरी' हे तिचे नाव असले तरी ती देवनागरीहून वेगळी व कैथीला अधिक जवळची आहे. पुथींच्या छपाईसाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचे खिळेही पाडले गेले. शिलचरच्या आंदोलकांनी मात्र ना या लिपीची मागणी केली, ना या बोलीची. शाळा, वृत्तपत्र, न्यायालय आणि काव्य यांची भाषा प्रमाण बंगाली, जेवणाघरातील भाषा सिल्हेटी, ही वाटणी त्यांना स्वाभाविक वाटत होती. मालवणीत भांडणारा माणूस अर्ज मराठीत लिहितो आणि मराठीसाठी मोर्चातही जातो, तसेच हे आहे. सिल्हेटी ही स्वतंत्र भाषा असे म्हणणारे अभ्यासक आज आहेत, आणि ध्वनिविचाराच्या आधारावर त्यांचे म्हणणे हलके लेखता येत नाही. पण भाषा आणि बोली यांतील सीमा केवळ ध्वनींनी आखली जात नाही. येथे ती बोलणाऱ्यांनी १९६१ मध्ये आखून ठेवली आहे.

बंगालीभाषकांचे प्रमाण कछारमध्ये तीनचतुर्थांशाच्या जवळपास असले तरी खोरे केवळ त्यांचे नाही. चहामळ्यांत हिंदीच्या पूर्वेकडील बोलींतून घडलेली बागानी भाषा चालते. मैतेई मणिपुरी १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, आणि २०२४ च्या दुरुस्तीने तिला कछारसह आसामच्या चार जिल्ह्यांत सहराजभाषेचा दर्जा मिळाला. मणिपुरातूनच आलेली विष्णुप्रिया मणिपुरी मात्र आर्यकुळातील. तिचा शब्दसंग्रह मैतेईने भरलेला आणि सांगाडा आर्य. प्राथमिक शाळेत ती शिकविली जावी या मागणीसाठी १६ मार्च १९९६ रोजी कलकलीघाट स्थानकात रेल रोको चालू असता गोळीबार झाला आणि सुदेष्णा सिन्हा ही तरुणी मृत्युमुखी पडली. तीच भूमी, तोच रूळ, तीच मागणी. केवळ मागणारे निराळे, आणि या वेळी बंगाली ही लहान भाषा नव्हती. शिलचरमध्ये १९ मे रोजी जी मिरवणूक निघते, तिच्या बरोबरीने १६ मार्चचे स्मरण त्याच नगरात किती जण करतात, हा प्रश्न तेथील लेखकांनीच उपस्थित केला आहे.

आणि ज्यांचे हे राज्य होते त्या दिमासांची भाषा? ती आता मुख्यतः उत्तरेकडील दिमा हासाओ जिल्ह्यात व कछारच्या काही खेड्यांत बोलली जाते. तिच्यात 'दि' म्हणजे पाणी, 'दिमा' म्हणजे मोठी नदी, आणि 'सा' म्हणजे अपत्य.