रिकामं यान नीट उतरलं, मग सुनीताला त्यात का बसवलं नाही?

नारायणगाव : सुनीता विल्यम्सचा विषय निघाला की पारावर एक प्रश्न हमखास येतो. ती आणि बुच विल्मोर ज्या यानातून वर गेले, ते बोइंग कंपनीचं स्टारलायनर तर रिकामं धड खाली उतरलं. मग आठवडाभरासाठी गेलेल्या या दोघांना नऊ महिने वर का ठेवलं?

५ जून २०२४ रोजी यान उडालं. दुसऱ्या दिवशी अवकाश स्थानकाजवळ पोहोचताना २८ पैकी ५ छोटी इंजिनं बंद पडली. त्यांना थ्रस्टर म्हणतात. यानाचं तोंड इकडे-तिकडे वळवायचं काम त्यांचं. नंतर चार चालू झाली, पण का बंद पडली ते कळेना. शिवाय हेलियम वायू गळत होता.

हेलियमचं काम आपल्या पाठीवरच्या फवारणी पंपातल्या हवेसारखं. दाब असेल तरच औषध नोझलपर्यंत जातं. तसंच इथे इंधन इंजिनापर्यंत ढकलायला हेलियम लागतो. जमिनीवर तसंच इंजिन घेऊन चाचण्या केल्या, तेव्हा आत उष्णतेने टेफ्लॉनचं एक सील फुगून इंधनाची वाट अडवत असल्याचं दिसलं. पंपाचं वायसर फुगल्यावर काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको.

पंप बंद पडला तर आपण बांधावर बसून खोलतो. वरून उतरताना ती सोय नाही. स्थानक ४०० किलोमीटर उंचीवर ताशी २८ हजार किलोमीटर वेगाने फिरतं. खाली यायचं तर यानाची शेपूट पुढे करून मोठी इंजिनं पेटवायची आणि वेग कमी करायचा. त्या वेळी यान सरळ धरून ठेवणारी ही छोटी इंजिनंच. तिथे गडबड झाली तर यान भलत्याच कोनातून हवेत शिरतं. आणखी एक अडचण म्हणजे ही इंजिनं यानाच्या मागच्या भागात असतात आणि तो भाग उतरण्याआधी सोडून दिला जातो, जळून जातो. नंतर उघडून बघायला काही उरत नाही. म्हणून जे तपासायचं ते यान स्थानकाला जोडलेलं असतानाच तपासावं लागलं.

बोइंगचं म्हणणं होतं, यान सुरक्षित आहे. नासाच्या लोकांची खात्री पटेना. २४ ऑगस्टला निर्णय झाला : यान रिकामं आणायचं. ७ सप्टेंबरला ते न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात अलगद उतरलं, आणि पारावरचा प्रश्न तिथून सुरू झाला.

आता असं बघा. ब्रेकची शंका असलेली पिकअप माळशेज घाटातून एकदा सुखरूप खाली आली. म्हणून पुढच्या खेपेला तिच्यात कुणी पोरंबाळं बसवेल का? टोमॅटोचे क्रेट गेले तर गेले. २४ ऑगस्टला यान कसं उतरेल हे कुणालाच माहीत नव्हतं. जेवढं माहीत होतं त्यावरून घेतलेला निर्णय मला तरी बरोबर वाटतो.

नासाला याआधीचा घाव होता. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान उडताना फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. काही इंजिनिअर म्हणत होते, पंखाचे फोटो काढून बघा. वरच्यांनी ते मनावर घेतलं नाही. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं, सात जण गेले. त्यात आपली कर्नालची कल्पना चावला होती.

उतरणं किती नाजूक असतं, याचा एक पुरावा आपल्या तालुक्यातच आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं शियापरेली हे यान मंगळावर उतरत होतं. त्यात माणूस नव्हता. त्याचा क्षीण सिग्नल खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने पकडला होता. सिग्नल मंगळावरून खोडदला यायला दहाएक मिनिटं लागत होती. उतरायला मिनिटभरही उरलं नसताना तो थांबला. नंतर कारण कळलं. एका मापकाने साधारण सेकंदभर चुकीचा आकडा दिला. संगणकाला वाटलं, आपण जमिनीवर पोहोचलोच. त्याने पॅराशूट सोडून दिलं, इंजिनं तीन सेकंदांत बंद केली, आणि यान जवळपास पावणेचार किलोमीटरवरून खाली आदळलं.

सुनीता आणि बुच मधल्या काळात वाऱ्यावर नव्हते. स्टारलायनर गेल्यावर काही आठवडे तिथल्या ड्रॅगन यानात सामानाच्या जागी दोघांची तात्पुरती सोय केली होती, आणीबाणीत पळण्यासाठी. पुढचं ड्रॅगन २८ सप्टेंबरला चौघांऐवजी दोघांनाच घेऊन उडालं, दोन जागा यांच्यासाठी रिकाम्या. त्यासाठी दोन अंतराळवीरांची वारी हुकली, त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. नवे लोक वर येईपर्यंत ड्रॅगन परत आणायचं नव्हतं, म्हणून मुक्काम लांबला. अखेर १९ मार्च २०२५ रोजी, आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजत असताना, दोघं फ्लोरिडाजवळ समुद्रात उतरले. २८६ दिवस झाले होते.

आपल्या गगनयानाचा क्रमही असाच आहे. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याला संकटात माणसांची कुपी रॉकेटपासून दूर खेचण्याची चाचणी झाली. पहिल्या प्रयत्नात संगणकाने उड्डाणाच्या पाच सेकंद आधी सगळं थांबवलं. बिघाड शोधून त्याच सकाळी ते पुन्हा उडवलं. कुपीत कुणी नव्हतं. माणसांच्या आधीच्या उड्डाणात व्योममित्र नावाचा यंत्रमानव बसवायचा, असं इस्रोने ठरवलं आहे.