प्रतिमा, प्रश्न आणि मौन

१८९५ साली विल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि रुग्णाच्या शरीराचे अंतरंग त्याच्या शब्दांवाचून पाहणे वैद्यकास शक्य झाले. त्यामुळे रुग्णाच्या कथनाचे महत्त्व उणावले, असा समज होणे स्वाभाविक असले तरी तो यथार्थ नव्हे. छातीच्या चित्रातील छाया नव्या न्यूमोनियाची असू शकते, तशीच ती बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रणही असू शकते. ताप कधीपासून येतो, पूर्वी क्षयाचे औषध घेतले होते काय, हे विचारल्यावाचून तिचा उलगडा होणे कठीण. भाषाशास्त्राच्या परिभाषेत, चित्र हे चिन्ह होय आणि रुग्णवृत्तांत हा त्याचा संदर्भ होय.

हा संदर्भ प्रश्नोत्तरांतून सिद्ध होतो. नीतीचा प्रश्नही तेथेच उद्भवतो. उदराचे क्ष-किरण चित्र वा सीटी स्कॅन काढण्यापूर्वी प्रजननक्षम वयातील स्त्री गर्भवती आहे काय, हे जाणून घ्यावे लागते. कारण प्रारणामुळे गर्भास अपाय होण्याचा संभव असतो. मराठीत मात्र या विषयाची बोली आडवळणाची आहे. ‘दिवस गेले’, ‘बाजूला बसणे’, ‘अडचण येणे’ हे प्रयोग त्याचेच द्योतक होत. ‘गर्भधारणेची शक्यता आहे काय?’ हा छापील प्रश्न न समजल्यास स्त्री ‘नाही’ म्हणून मोकळी होते. सासूच्या देखत विचारल्यास समजूनही ‘नाही’ म्हणते. नोंदीत ही दोन्ही उत्तरे एकरूपच दिसतात. त्याऐवजी ‘शेवटची पाळी कधी आली?’ असे एकांतात विचारणे अधिक निर्दोष ठरते. तेथे केवळ होकार वा नकार पुरेसा होत नाही. दिवस सांगावा लागतो.

याच्या उलट, सोनोग्राफीत मौन हेच कर्तव्य ठरते. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ साली संमत होऊन १९९६ पासून अमलात आला. गर्भाचे लिंग शब्दांनी, खुणांनी वा अन्य कोणत्याही रीतीने कळविण्यास हा केंद्रीय कायदा मनाई करतो. येथे भाषेची कक्षा उच्चारित शब्दापलीकडे नेलेली आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. मुलगा झाल्यास पेढे व मुलगी झाल्यास बर्फी वाटण्याची रूढी ज्या समाजात आहे, तेथे मिठाईचे नावही निदान ठरू शकते.

या कायद्यान्वये भरावयाच्या ‘एफ’ नमुन्यात तपासणीचे कारण व हयात मुलगे-मुलींची माहिती नोंदवावी लागते. त्यातील उणिवा केवळ कारकुनी चुका मानता येणार नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. अर्थात, वृत्तांताची नोंद हीसुद्धा नैतिक कृतीच होय.

तात्पर्य, यंत्र कितीही सूक्ष्म झाले तरी काय विचारावे, कोणत्या शब्दांत विचारावे आणि कोठे मौन पाळावे, याचा विवेक ते पुरवीत नाही. तो विचारणाऱ्यानेच बाळगावयाचा असतो.