पाहिलेले चुकले की लिहिलेले?

आमोणे हे डिचोली तालुक्यातील मांडवीकाठचे गाव. येथील बहुतेक मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकतात. पाचवीत गेली की एकाच सुट्टीत त्यांचे गणित, विज्ञान, भूगोल सारे इंग्रजी होते. चौथीत बाकावर उभे राहून उत्तर देणारे मूल पाचवीत मान खाली घालून बसते. पेडणे, डिचोली, सत्तरीतील कोणत्याही शिक्षकाला विचारा, तो हेच सांगेल. १९८७ च्या राजभाषा कायद्यावर आपण पुष्कळ बोललो. २०११ साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाला, तेव्हा रस्त्यावरही उतरलो. परंतु या मान खाली घातलेल्या मुलाचे वर्गात काय करायचे, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

आम्ही माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो आणि भाषा समितीचेही काम करतो. हे दोन्ही एका माणसाला कसे जमते, असा टोमणा आम्हाला नवा नाही. त्याचे उत्तर आम्हाला एका चित्रपटाने दिले, म्हणून हा लेखनप्रपंच.

इंग्रजीच्या तासाला मराठी चित्रपट

काही वर्षांपूर्वी आम्ही नववीच्या मुलांना चित्रपटाचे रसग्रहण इंग्रजीत लिहायला शिकवायचे ठरवले. चित्रपट निवडला 'श्वास'. संदीप सावंत यांचा २००४ सालचा हा चित्रपट. 'श्यामची आई'ला मिळालेल्या पहिल्या राष्ट्रपती सुवर्णपदकानंतर पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार पुन्हा मराठीत आला, तो 'श्वास'मुळे. गोष्ट साधी आहे. कोकणातला एक आजोबा डोळ्यांचा कर्करोग झालेल्या नातवाला शहरात उपचारासाठी आणतो. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेआधी आजोबा मुलाला इस्पितळातून गुपचूप बाहेर नेतो आणि दिवसभर शहर दाखवतो.

यावर दोन्हीकडून टीका झाली. पालकसभेत एकाने विचारले, "सर, मराठी तर पोराला येतेच. इंग्रजीचा तास फुकट का घालवता?" त्यांचा राग आम्हाला समजत होता. २०१२ साली खाणी बंद झाल्या, बार्ज धक्क्याला लागल्या, तेव्हापासून आपल्या मुलाने चांगले इंग्रजी शिकून नोकरी धरावी असे ज्या घरांना वाटू लागले, त्यांपैकी ते एक घर. उलट समितीतले स्नेही म्हणाले, "मराठी चित्रपटाला इंग्रजीच्या दावणीला कशाला बांधता?"

दोघांनाही आमचे म्हणणे एकच होते. मुलाने जे नीट पाहिले आहे, ज्यावर त्याला काही सांगायचे आहे, तेच ते परक्या भाषेत लिहू शकेल. सांगायलाच काही नसेल तर ते गाईड पाठ करील.

एक तुकडा, तीन वेळा

चित्रपट नुसता दाखवला म्हणजे शिकवला असे होत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर यांनी सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' (१९५५) हा एकच चित्रपट दृश्यादृश्याने उलगडून वर्षानुवर्षे शिकवला. आमच्याकडे तेवढा वेळ कुठला? म्हणून एका शनिवारी पूर्ण चित्रपट दाखवला आणि पुढच्या तासांना त्यातला पाच मिनिटांचा एकच तुकडा घेतला. पहिल्यांदा आवाज बंद करून, मुलांनी फक्त पाहायचे. दुसऱ्यांदा प्रोजेक्टरसमोर पुठ्ठा धरून, फक्त ऐकायचे. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. दर वेळी प्रश्न दोनच : काय दिसले? कशावरून म्हणतोस?

चर्चा मराठीत, मध्येच कोकणीत. जत्रेत रात्र रात्र नाटके पाहणारी आमची मुले. कोण कुठून आत येतो, कोण पाठ फिरवतो, प्रकाश कोणावर आहे, हे त्यांना शिकवावे लागले नाही. पाचवीपासून गप्प झालेली पोरे बोलू लागली, तेव्हा वर्गाला आवरणे कठीण झाले.

आमची चूक

मग त्यांना इंग्रजीत लिहायला सांगितले आणि वीसपैकी गुण दिले. येथे आमची चूक झाली. ती सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही.

एका मुलाने निर्दोष इंग्रजीत पानभर लिहिले होते. चित्रपट हृदयस्पर्शी आहे, अभिनय उत्तम आहे, संदेश मोलाचा आहे. त्याला आम्ही सोळा गुण दिले. एका मुलीने चारच ओळी लिहिल्या होत्या. त्यातली एक अशी : 'ग्रँडफादर नॉट सी सिटी. ही सी बॉय सीइंग.' तिला चार गुण. वही घेऊन ती टेबलाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सर, मी पाहिले ते चुकले की लिहिले ते चुकले?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. घरी जाऊन दोन्ही वह्या पुन्हा वाचल्या. त्या मुलाचे पान कोणत्याही चित्रपटाला चिकटवता आले असते. त्यात 'श्वास'मधले एकही दृश्य नव्हते. सारा वर्ग म्हणत होता की आजोबा नातवाला शहर दाखवतो. तिने पाहिले होते की आजोबाला शहराशी देणेघेणे नाही, तो शहर पाहणाऱ्या नातवाला डोळ्यांत साठवून घेतो आहे. आम्ही चित्रपटाची परीक्षा घेतो म्हणालो आणि व्याकरणाची घेतली.

गुणांची नवी वाटणी

दुसऱ्या दिवशी वर्गाची माफी मागितली व वीस गुणांची वाटणी फळ्यावर मांडली. पाहण्याला आठ : प्रत्येक विधानाला चित्रपटातला पुरावा हवा. अर्थाला सहा : ते दृश्य तसेच का घेतले असेल? इंग्रजीला सहा, आणि तेही दुसऱ्या लेखनाचे. पहिल्या लेखनावर फक्त खुणा करायच्या, मुलाने सुधारून पुन्हा लिहायचे. वाटणी मुलांना लिहिण्याआधीच ठाऊक असली पाहिजे, हेही तेव्हाच ठरले.

इंग्रजी यामुळे मागे पडले का? त्या मुलीचे वाक्य सुधारताना अख्खा तास गेला. मराठीत आपण पाहतो, बघतो, न्याहाळतो, कोकणीत पळयतो. मग इंग्रजीतले 'सी', 'लुक' आणि 'वॉच' यांत फरक काय? आजोबाच्या नजरेला कोणता शब्द? वर्ग भांडला आणि 'वॉच'वर एकमत झाले. शेवटी तिने लिहिले : 'द ग्रँडफादर इज नॉट लुकिंग ॲट द सिटी. ही इज वॉचिंग द बॉय.' व्याकरणाच्या पुस्तकात हे तीन शब्द आम्ही कितीदा शिकवले होते, पण लक्षात राहिले ते या वेळी. सोळा गुणांच्या मुलाचे गुण मात्र उतरले. तो रागावला, मग चित्रपट पुन्हा पाहायला मागू लागला.

सारे सुरळीत झाले असे नव्हे. त्या मुलीची 'ए' आणि 'द'ची गफलत पुढेही चालू राहिली. चाळीस वह्या दोनदा तपासणे सोपे नाही. वरच्या वर्गात परीक्षेचे दडपण आले की गाईडे परत येतात. परंतु मराठी ही इंग्रजीच्या वाटेतली धोंड आहे, असे आता आम्हाला कोणी सांगू नये. इंग्रजीच्या उंबरठ्यावर मराठी काढून ठेवायला लावलेले मूल आत रिकाम्या हातांनी जाते.

सीमेवरच्या शिक्षक बंधू-भगिनींना एवढीच विनंती. दोडामार्ग असो, बांदा असो, की कानडीचाही भार वाहणारे खानापूर-निपाणी असो, वर्गातल्या मुलाला आधी त्याच्या भाषेत विचारा, "काय पाहिलेस?" त्याचे पूर्ण ऐकून घ्या. मग त्याच्या हाती इंग्रजीची लेखणी द्या. आणि गुण देताना, पाहिलेल्याचे वेगळे द्या, लिहिलेल्याचे वेगळे द्या.