ख्रिस्तमंडळीचे मध्यवर्ती प्रयोजन

ख्रिस्ती उपासकांच्या स्थानिक समुदायास मराठीत ‘मंडळी’ हा शब्द रूढ झाला आहे. त्याला घरगुती वळण आहे. घरची मंडळी, पाहुणे मंडळी, पंगतीस बसलेली मंडळी असे आपण सहज बोलतो. ज्या ग्रीक शब्दाच्या जागी तो योजला गेला, त्या ‘एक्लेसिया’चे कुळ मात्र वेगळे आहे. नगरातील नागरिकांची रीतसर बोलावलेली सभा, हा त्याचा मूळचा लौकिक अर्थ होय. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस येथील नाट्यगृहात जमलेल्या क्षुब्ध जमावालाही हाच शब्द लावलेला आढळतो. तेव्हा केवळ व्युत्पत्तीच्या बळावर त्यातून गूढ तत्त्वज्ञान काढणे बरे नव्हे. तरीही मराठी शब्दात पाचारणाचा भाव मागे पडला आणि पंगतीचा पुढे आला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मंडळी कशासाठी असते या प्रश्नाचे उत्तर शोधताना हे दोन्ही भाव उपयोगी पडतात.

महाराष्ट्रात या प्रश्नाची दोन उत्तरे सर्रास दिली जातात. बाहेरच्या माणसास मंडळी म्हणजे शाळा, दवाखाने आणि अनाथगृहे चालविणारी संस्था वाटते. टीकाकारास ती केवळ धर्मप्रसाराचे साधन वाटते. ही दोन्ही कार्ये मंडळ्यांनी केली आहेत. परंतु ती मंडळीची फळे होत, मूळ नव्हे. शाळा सरकारही चालविते आणि प्रचारक एकटाही हिंडू शकतो. मंडळीवाचून जे होऊच शकत नाही, ते म्हणजे एकत्र जमून वचन ऐकणे, प्रार्थना करणे आणि एका मेजावरची भाकर वाटून घेणे.

याविषयीचा जुना आणि स्पष्ट पुरावा इ. स. १५५ च्या सुमारास रोम येथे जस्टिन याने लिहिलेल्या समर्थनपर ग्रंथात मिळतो. रविवारी नगरातील व खेड्यांतील लोक एके ठिकाणी जमत. प्रेषितांच्या आठवणी अथवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचले जात. मग अध्यक्ष उपदेश करी. सर्वजण उभे राहून प्रार्थना करीत. भाकर, द्राक्षारस व पाणी आणले जाई आणि आभारप्रार्थनेनंतर ते सर्वांना वाटले जाई. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक तो वाटा पोहोचवीत. शेवटी ऐपतीप्रमाणे दिलेले द्रव्य अध्यक्षापाशी जमा होई आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांचा सांभाळ होई. येथे दानधर्म हे उपासनेला जोडलेले वेगळे खाते नाही. ज्या हातांनी भाकर घेतली तेच हात वर्गणी देतात, आणि गैरहजर आजाऱ्याकडे भाकरीचा वाटा जातो त्याच वाटेने मदतही जाते.

पुढील शतकांतील व्याख्या याच केंद्राभोवती फिरतात. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाने शुभवर्तमानाचे शुद्ध निवेदन आणि संस्कारांचे यथायोग्य आचरण जेथे होते, तेथे मंडळी आहे असे ठरविले. १५६१ च्या बेल्जिक कबुलीजबाबाने मंडळीच्या शिस्तीची त्यात भर घातली. रोमन पंथीयांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेलाच मंडळीच्या सर्व कार्याचे शिखर आणि उगम म्हटले. एरवी कडाक्याने भांडणाऱ्या पंथांचे या मुद्द्यावर इतके जवळ यावे, हे अर्थपूर्ण आहे.

मात्र उपासना हे केंद्र मानले की एक कठीण कसोटीही लागू होते. करिंथ येथील मंडळीत श्रीमंत आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने आपल्या पहिल्या पत्रात त्यांना सुनावले की अशा रीतीने जमणे हे प्रभुभोजनच नव्हे. विधी यथासांग झाला तरी पंगत फुटली असेल तर मंडळी जमलीच नाही, असा याचा अर्थ होतो. हिंदुस्थानात ही कसोटी जातीच्या रूपाने पुढे उभी राहिली. तंजावर भागातील मंडळ्यांत उच्च मानलेल्या जातींचे लोक वेगळे बसत आणि प्रभुभोजनही आधी घेत. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हा भेद तत्काळ व कायमचा सोडण्याची आज्ञा काढली, तेव्हा अनेकांनी मंडळीच सोडणे पसंत केले. प्रश्न धर्ममताचा नव्हता. प्याला कोणानंतर ओठास लावायचा, एवढाच होता. पण त्या ‘एवढ्याच’त मंडळीचे सगळे प्रयोजन गुंतलेले होते.

मराठी मुलखात अडचणीचे आणखी एक स्वरूप दिसले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगर येथे ठाणे घातले. पुष्कळ ख्रिस्ती माणसे मिशनच्या शाळांत व कचेऱ्यांत पगारी होती. त्यामुळे मंडळीचा सभासद आणि मिशनचा नोकर हे नाते एकमेकांत मिसळून गेले. मिशनचे सचिव रुफस अँडरसन १८५४ मध्ये येथे आले. मंडळीने स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च आणि स्वतःचा विस्तार स्वतः पाहावा, हे त्यांचे धोरण होते. त्याच वर्षी हरि रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि पुढे खेडोपाडी लहान मंडळ्या स्थापन होऊ लागल्या. इंग्रजी शिक्षणाला त्या धोरणाने धक्का बसला, ही त्याची उणी बाजू होय. परंतु मंडळी म्हणजे मिशन नव्हे, हे सत्य त्याने उघड केले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हेच सूत्र पुढे नेले आणि ताणलेही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर भजन-कीर्तनाच्या द्वारे त्यांनी उपासनेला मराठी वाणी दिली. परक्या चालींवर बेतलेली गीते म्हणणारी मंडळी स्वतःच्या कंठाने प्रार्थना करीत नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा बंधुसमाज आरंभिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना स्थान होते. येथे पाचारणाचा भाव पंगतीच्या मर्यादेपलीकडे गेला. ख्रिस्ताची हाक ज्याने ऐकली पण विधी पत्करला नाही, तो मंडळीत की मंडळीबाहेर, या प्रश्नाचा निर्वाळा होण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. दरबार पुढे फार काळ टिकला नाही. त्यांची भजने मात्र मराठी मंडळ्यांच्या उपासनेत कायमची रुजली. आणि ती गाण्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला कोणी विचारीत नाही.