उडी कुणाची, टाळी कुणाला?

हेरपट म्हटला की आम्हा नांदेड-लातूरकरांना कथेशी फारसे देणेघेणे नसते. नायकाने उंचावरून उडी मारली म्हणजे पैसे वसूल! ‘फर्ज’मधला (१९६७) जितेंद्रचा एजंट ११६ असो की ‘पठाण’मधला (२०२३) शाहरुख, सारे थिएटर श्वास रोखून धरते. मीही धरतो.

पण ती उडी असते कुणाची? ‘द स्पाय हू लव्हड मी’मध्ये (१९७७) बाँड बर्फाच्या कड्यावरून झेपावतो आणि ब्रिटिश झेंड्याचे पॅराशूट उघडते. टाळ्या रॉजर मूरला. कॅनडातल्या माउंट असगार्डवरून खरी झेप घेतली रिक सिल्व्हेस्टरने. ‘गोल्डनआय’मध्ये (१९९५) स्वित्झर्लंडमधल्या सुमारे २२० मीटर उंच धरणावरून झोकून दिले वेन मायकल्सने. आणि आपल्या ‘शोले’तल्या (१९७५) बसंतीच्या धावत्या टांग्यावरचा धोका पत्करला रेश्मा पठाण यांनी.

स्टंटसाठी ऑस्कर द्यायचे ठरले, तेही २०२५ साली, २०२७च्या चित्रपटांपासून. एवढा उशीर का? कारण डमीचे कौशल्यच मुळी ओळखू न येण्यात असते. जीव त्याचा, चेहरा दुसऱ्याचा!

म्हणून हल्ली मी नातवंडांना शेवटची नामावली संपेपर्यंत उठू देत नाही. एक टाळी तेव्हाही वाजवावी, मंडळी.